हिशेब थंडीचा, दुर्लक्ष बारा महिन्यांचे

(कुडाळ येथे वाहनधारक कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कुडाळसारख्या गावात गोठवणाऱ्या थंडीविषयी व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. भंगसाळ नदीवर पौष महिन्यात पहाटे धुके उतरते, शेकोट्या पेटतात, आजी-आजोबा कानाला मफलर गुंडाळतात. परंतु पाणी गोठावे अशी थंडी येथे कधी पडलेली नाही. तरीही विषय दूरचा नाही. या जिल्ह्यातील कितीतरी घरांतील मुले सैन्यात आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांनी लडाखचा हिवाळा अंगावर घेतलेला आहे. काही घरांतील मुले-मुली कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झाली आहेत. आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालील अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलचे खोरे हिवाळ्यातही पर्यटकांच्या आवाक्यात आले आहे. पूर्वी हिमवर्षावामुळे जे खोरे कित्येक महिने जगापासून तुटत असे, तेथे आता नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्राच्या पाट्या लावलेल्या मोटारी दिसतात. कोकणच्या दमट हवेत वाढलेली गाडी दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावून एका रात्रीत शून्याखालील तापमानात जाऊन उभी राहते. सकाळी किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि पुढे शांतता.

अशा वेळी दोष थंडीला दिला जातो. वस्तुतः थंडीने फक्त हिशेब मागितलेला असतो. उधारी झालेली असते ती वैशाखाच्या उन्हात, आषाढाच्या पावसात आणि गाडी नुसती उभी राहिली त्या दिवसांत. आजच्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे. म्हणूनच तो बर्फात जाणाऱ्यांच्या जितका उपयोगाचा आहे, तितकाच कुडाळ सोडून कधी कोठे न जाणाऱ्यांच्याही उपयोगाचा आहे.

पेटीच्या आत काय घडते?

मोटारीतील नेहमीची बॅटरी ही शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी आहे. फ्रान्सचा शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने ती १८५९ मध्ये प्रथम तयार केली. तोपर्यंतच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की संपल्या. पुनःपुन्हा भरता येईल अशी ही पहिलीच. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते मात्र चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्यामुळे. त्याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या गाड्यांत बसवला आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचे कष्टाचे व धोक्याचे काम हळूहळू इतिहासजमा झाले.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात उभ्या असतात. पूर्ण भरलेल्या घराचा दाब दोन व्होल्टपेक्षा किंचित अधिक असतो. सहा घरांचा मिळून तो सुमारे १२.६ व्होल्ट होतो. बॅटरी वीज देऊ लागली की आम्लातील गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि आम्ल पातळ होत जाते. बॅटरी भरली जाते तेव्हा हीच क्रिया उलटी घडते. म्हणजे भरलेल्या बॅटरीत कसदार आम्ल असते आणि उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणी. हा एक फरक ध्यानात ठेवला की थंडीचे सारे कोडे सुटते.

पाणी शून्य अंशाला गोठते. कसदार आम्ल गोठत नाही. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्राव गोठण्यासाठी तापमान उणे ५५ अंशांच्याही खाली जावे लागते. बॅटरी निम्मी उतरलेली असेल तर तोच द्राव उणे २० ते २५ अंशांच्या दरम्यान गोठतो. पूर्ण उतरलेली असेल तर उणे १० अंशांच्या आसपासच त्याचा बर्फ होतो. गोठताना पाणी फुगते, पट्ट्या वाकतात, पेटीला तडा जातो आणि ती बॅटरी कायमची निकामी होते. लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांखाली सहज जातो. तेथे भरलेली बॅटरी तग धरते आणि उतरलेली बॅटरी एका रात्रीत फुटते. थंडी दोघींना सारखीच. फरक आधीच्या काळजीचा.

दुहेरी कोंडी

द्राव गोठला नाही तरी थंडीत बॅटरीचे बळ घटते, कारण तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीकडून इंजिन फिरवण्याची शक्ती सुमारे दोन-तृतीयांशच मिळते. उणे १८ अंशांना ती निम्म्याच्या आसपास, किंबहुना त्याहूनही खाली येते. दुसरीकडे इंजिनातील तेल थंडीने दाट होते आणि त्याच इंजिनाला फिरवायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जोर लागतो. देणाऱ्याची ताकद अर्धी आणि मागणाऱ्याची गरज वाढलेली, अशी ही कोंडी आहे. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर पोहोचलेल्या जर्मन सैन्याची वाहने याच कोंडीत सापडली. इंजिनांखाली आगी पेटवून ती सुरू करण्याची वेळ आली. रशियाच्या हिवाळ्याची पूर्वतयारी त्या सेनेने केलेली नव्हती आणि आयत्या वेळी कोणताही उपाय पुरा पडला नाही.

म्हणून थंड प्रदेशात बॅटरी विकत घेताना एक आकडा पाहिला जातो. उणे १८ अंश तापमानात ती ३० सेकंद किती ॲम्पियरचा प्रवाह देऊ शकते, हे सांगणारा हा आकडा अनेक बॅटऱ्यांच्या पेटीवर ‘सीसीए’ या अक्षरांपुढे छापलेला असतो. कोकणात तो कोणी विचारत नाही. लडाख-लाहौलच्या वाटेला जाणाऱ्याने मात्र तो अवश्य विचारावा आणि निर्मात्याने त्या गाडीसाठी सांगितलेल्यापेक्षा कमी आकड्याची बॅटरी घेऊ नये.

उन्हाळा आणि उभी गाडी

आता प्रश्न असा, की बॅटरी दुबळी होते केव्हा? याचे उत्तर अनेकांना चकित करील. बॅटरीचे खरे वैरी उष्णता आणि निष्क्रियता हे आहेत. एक ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. मे महिन्यात भर दुपारी खळ्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे बॉनेट हाताला चटका देते; आतील बॅटरीची अवस्था काय होत असेल याची कल्पना करावी. उष्णतेने द्रावातील पाणी उडते, पट्ट्यांची जाळी झिजते आणि हे सारे नकळत घडते, कारण उन्हाळ्यात इंजिन हलके फिरते आणि दुबळी बॅटरीही ते सुरू करून देते. मालकाला वाटते, सारे ठीक आहे. मार्गशीर्षात ती गाडी हिमाचलात पोहोचते आणि मे महिन्याचे दुखणे तेथे प्रकट होते.

दुसरा वैरी निष्क्रियता. कोकणाला तो विशेष लागू आहे. गणेशोत्सवाला चाकरमानी येतो, गाडी गावच्या घरी ठेवतो आणि रेल्वेने मुंबईला परततो. घरी वृद्ध आई-वडील असतात. गाडी चालवणारे कोणी नसते. आता साधे गणित करू. आजच्या गाडीत किल्ली काढल्यावरही घड्याळ, धोक्याचा भोंगा, संगणकीय यंत्रणा यांना थोडी वीज लागतच राहते. ती ३० मिलिॲम्पियर धरली तरी दिवसाला ०.७२ ॲम्पियर-तास खर्च होतात. छोट्या मोटारीची बॅटरी बहुधा ३५ ॲम्पियर-तासांची असते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे २४ दिवसांत निम्मी आणि ४८ दिवसांत रिकामी. अनंत चतुर्दशीनंतर उभी केलेली गाडी दिवाळीच्या आसपासच संपलेली असते. त्यात बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरत असते आणि उकाड्यात अधिकच वेगाने.

उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की पट्ट्यांवर बसलेला गंधकयुक्त थर कडक होतो. मग ती चार्जिंगला लावली तरी तो पुरता विरघळत नाही आणि तिची क्षमता कायमची घटते. ही हानी बर्फाविना, पंधरा अंशांच्या आल्हाददायक हवेत, आपल्याच दारात होते.

हा केवळ दोन-चार हजार रुपयांच्या खर्चाचा प्रश्न नाही. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागते, पाऊस कोसळत असतो, ओरोसला किंवा गोव्यात बांबोळीला न्यायचे ठरते. शेजारचा तरुण गाडी चालवायला धावत येतो. किल्ली फिरते आणि आवाज येतो फक्त ‘टक्’. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, शेजारीपाजारी आहेत. कोकणातील वाडी कोणाला एकटे पडू देत नाही, हे खरे. परंतु त्या क्षणी वाया जाणारी वीस मिनिटे परत मिळत नाहीत. दारात गाडी असणे आणि ती गाडी चालू होणे यांत जे अंतर आहे, ते बॅटरीच्या देखभालीने भरून निघते.

‘आठवड्याला पाच मिनिटे’ हा गैरसमज

उभ्या गाडीवरचा उपाय म्हणून अनेक घरांत एक पद्धत रूढ आहे. आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच सुरू करायची, पाच मिनिटे घरघरू द्यायची आणि बंद करायची. हेतू चांगला आहे, हिशेब चुकतो. आठवड्याची तूट पाच ॲम्पियर-तासांची असते. जागेवर पाच मिनिटे चाललेले इंजिन बॅटरीला दहा ॲम्पियरचा प्रवाह देत आहे असे मानले, तरी जमा होतो जेमतेम ०.८ ॲम्पियर-तास. शिवाय इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे त्याच्या अंतर्भागात ओल साठते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवावी. शनिवारी देवदर्शनाला किंवा बाजाराला जावे. महामार्गावरून एक फेरी मारून यावे. तेही शक्य नसेल तर बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी, म्हणजे गाडीचा छुपा खर्च थांबतो. अर्थात काही गाड्यांत तार सोडवल्यावर घड्याळ, रेडिओ किंवा खिडक्यांची मांडणी पुन्हा करावी लागते. गाडीसोबतची पुस्तिका आधी वाचावी. महिन्यातून एकदा योग्य चार्जरवर बॅटरी भरून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

देखभालीची रीत

देखभाल अवघड नाही. नियमितपणा मात्र हवा. तपासण्याचे साधन म्हणून एक साधा मल्टीमीटर घरात असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजलेला दाब १२.६ व्होल्ट असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ असेल तर पाऊण, १२.२ असेल तर निम्मी आणि १२ च्या खाली गेल्यास धोक्याची घंटा समजावी. इंजिन चालू असताना हाच दाब सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसावा. तो त्याहून बराच कमी किंवा अधिक असेल तर दुखणे बॅटरीत नसून ती भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असण्याचा संभव असतो आणि नवी बॅटरी घेतली तरी तीही तशीच बिघडेल. काही नव्या गाड्यांत हा दाब संगणक कमी-अधिक करीत असतो. तेथे जाणकार मेकॅनिकचा सल्ला घ्यावा.

ज्या बॅटरीला पाणी घालण्याची बुचे असतात, तिच्यात पट्ट्या बुडतील एवढी पातळी राखावी. पाणी डिस्टिल्डच असावे. विहिरीचे, नळाचे किंवा पागोळीचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यातील क्षार पट्ट्यांना बाधतात. आम्ल तर घरी कधीच ओतू नये, कारण उडालेले असते ते पाणी. आम्ल जागेवरच असते. थंड प्रदेशात आणखी एक पथ्य आहे. पाणी घालून गाडी तशीच उभी ठेवू नये. नवे पाणी वरच तरंगते आणि द्रावात मिसळण्यापूर्वी गोठते. पाणी घालावे ते गाडी चालवायला निघताना.

मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे टर्मिनलांवर पांढरट-हिरवट बुरा लवकर धरतो. त्यामुळे वीज अडते आणि निरोगी बॅटरीही आजारी भासते. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून, जुन्या दातब्रशने घासून तो काढावा. सोड्याचे पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नये. मग कोरडे पुसून, तारा घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. तारा सोडवताना ऋण तार आधी सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पान्यामुळे ठिणगी पडण्याचा धोका टळतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असल्याने जवळ विडी-सिगारेट किंवा निरांजन नको. आम्लापासून डोळे जपावेत आणि मुलांना लांब ठेवावे.

हिमप्रदेशाकडे निघताना

लांबच्या हिवाळी प्रवासाला निघण्यापूर्वी बॅटरीची तपासणी भारासह करून घ्यावी. नुसता दाब पुरेसा बोलका नसतो. बॅटरी चार वर्षांपलीकडे गेलेली असेल तर ती घाटमाथ्यावर बदलण्यापेक्षा कुडाळातच बदलावी. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी भरण्याची कोकणी सवय तेथे घातक ठरते. ते पाणी गोठून इंजिनच तडकू शकते, म्हणून योग्य प्रमाणातील कूलंटच हवे. डिझेल गाडीने टाकी तिकडच्या पंपावर भरावी, कारण मैदानी प्रदेशातील डिझेल कडाक्यात दाट होते. याच अडचणीवर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल लडाखसाठी आणले.

मुक्कामी गाडी वाऱ्याच्या आडोशाला आणि सकाळचे ऊन जेथे पडेल अशा बेताने उभी करावी. सुरू करताना दिवे, पंखा, रेडिओ सारे बंद असावे आणि क्लच पूर्ण दाबावा. डिझेल गाडीत तापणाऱ्या कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबावे. सेल्फ एका वेळी पाच-दहा सेकंदांहून अधिक मारू नये. अर्धा-एक मिनिट विश्रांती देऊनच पुन्हा प्रयत्न करावा. पहिल्या अपयशाने चिडून सलग किल्ली दाबत राहणारा माणूस उरलेली वीजही घालवून बसतो. ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर प्राणघातक आहे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घ्यावी लागली तर क्रम चुकवू नये. जम्पर केबलचे धन टोक धन टोकाला जोडावे. चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची तार मात्र बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावी. काढताना क्रम उलटा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅटरी फुगलेली दिसली किंवा आतील द्राव गोठल्याचा संशय आला, तर तिला केबल लावू नये, चार्जही करू नये. ती फुटू शकते. ती उबदार जागी नेऊन पुरती वितळू द्यावी आणि तडा नसल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी.

कॅनडातील कडाक्याच्या थंडीच्या शहरांत वाहनतळावर विजेचे खांब असतात आणि रात्री गाडीचे इंजिन उबदार ठेवणारा हीटर त्यांना जोडला जातो. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हे अंगवळणी पडले आहे. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांनाही थंडी चुकलेली नाही. त्यांच्या लिथियम बॅटऱ्या शून्याखाली गार पडलेल्या असताना चार्ज केल्यास त्यांना इजा पोहोचते. त्यामुळे अनेक गाड्यांतील यंत्रणा आधी बॅटरीला ऊब देते. एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतरही थंडीत घटते. तंत्र बदलले तरी पूर्वतयारीचा नियम तोच राहिला आहे.

जाता जाता एक नागरी कर्तव्य. निकामी बॅटरी परसात टाकू नये; आतील शिसे माती आणि विहीर दोन्ही विषारी करते. २००१ च्या आणि आता त्यांची जागा घेतलेल्या २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी पुनर्चक्रीकरणासाठी परत जाणे अपेक्षित आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच जमा करावी. तिचे पैसेही मिळतात.

सारांश, बॅटरी ही अबोल सेविका आहे. ती बारा महिने सेवा देते आणि मोबदल्यात आठवड्याची एक फेरी, महिन्याची एक तपासणी आणि वर्षातून दोनदा स्वच्छता एवढेच मागते. ज्या घरात खंडेनवमीला विळे-कोयते घासूनपुसून ठेवले जातात आणि दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ पडते, त्या घराला हे शिकवावे लागू नये. यंदा दसऱ्याला माळ घालण्यापूर्वी बॉनेट एकदा उघडावे, टर्मिनल पुसावे, दाब मोजावा आणि तो तारखेसह वहीत नोंदवून ठेवावा. गावी आई-वडिलांच्या दारात गाडी उभी करून मुंबईला परतणाऱ्याने, निघण्यापूर्वी, ती आठवड्यातून एकदा रस्त्यावर कोण काढणार हे नाव घेऊन ठरवावे.